हुकूमनाम्याविरुद्धचे अपील आणि तारण: नागपुरातील अर्जदाराने ऐपत कशी मांडावी

पैशाच्या हुकूमनाम्याविरुद्ध, म्हणजे रक्कम चुकवण्याच्या दिवाणी न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध, अपील दाखल केले म्हणजे वसुली आपोआप थांबते, हा समज चुकीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 41, नियम 5 नुसार स्थगितीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. स्थगिती न मिळाल्यास भारी नुकसान होईल, अर्जास विनाकारण विलंब झालेला नाही आणि हुकूमनाम्याच्या पूर्ततेसाठी तारण दिले आहे, या तिन्ही बाबतींत न्यायालयाची खात्री पटावी लागते. अपील जिल्हा न्यायालयात असल्यास ते दाखल करण्याची मुदत 30 दिवसांची आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे असल्यास 90 दिवसांची असते. ही मुदत संपण्यापूर्वी, अपील दाखल होण्याआधीच, हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाकडेही तात्पुरती स्थगिती मागता येते. शासनाकडून मात्र असे तारण घेतले जात नाही.

खरी अडचण ऐपत दाखवताना येते. भरपूर मालमत्ता असल्याचे सांगितले, तर रक्कम का भरत नाही असा प्रश्न येतो. काहीच नसल्याचे सांगितले, तर पुढे वसुली होणार नाही ही हुकूमनामाधारकाची (ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्याची) भीती खरी ठरते आणि तारणाची त्याची मागणी बळावते. त्यामुळे 'परिस्थिती हलाखीची आहे' एवढे प्रतिज्ञापत्रात लिहून भागत नाही. रोख रक्कम किती, अडकलेली मालमत्ता किती आणि तिच्यावर बोजा किती, हे कागदांनिशी वेगवेगळे मांडावे लागते. समजा, हुकूमनामा 18 लाखांचा आहे आणि इतवारीतील व्यापाऱ्याचे नंदनवनातील घर 60 लाखांचे असून त्यावर 45 लाखांचे कर्ज बाकी आहे. तारण म्हणून त्या घराची किंमत फार तर 15 लाख धरता येईल आणि हुकूमनाम्यावरील व्याज तर वेगळेच.

म्हणून गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, ताळेबंद, बँक खात्यांचे उतारे आणि कर्जबाकीचे बँकेचे पत्र जोडावे. स्थावर तारणासाठी सातबारा किंवा आखीव पत्रिका, मालमत्ता कराची पावती, वकिलाचा शोध अहवाल (मालकी हक्क व बोजे तपासल्याचा) आणि मूल्यांकन अहवाल लागतो. भूखंड नागपूर सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याचा असल्यास हस्तांतर व गहाण यांविषयीच्या अटी आधी वाचाव्यात. शेतकऱ्याचे राहते घर किंवा कारागिराची अवजारे अशी याच संहितेच्या कलम 60 खाली जप्तीतून सूट असलेली मालमत्ता दाखवून आकडा फुगवू नये. विरुद्ध बाजूचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या ऐपतीच्या दाखल्यावर लोकांचा फार भरवसा असतो, पण बँक हमी किंवा मुदत ठेव यांच्यापुढे त्याचे वजन कमीच पडते. जामीनदार देणार असल्यास त्याला कलम 145 समजावून सांगावे, कारण वसुलीची दरखास्त थेट त्याच्यावरही चालू शकते.

पूर्ण रक्कम भरणे खरोखर अशक्य असेल, तर काही भाग रोख आणि उरलेल्यासाठी स्थावर तारण असा नेमका प्रस्ताव अर्जातच द्यावा. आदेश 41, नियम 1(3) व 5(5) यांतील रक्कम भरण्याच्या किंवा तारण देण्याच्या अटीतून अपवादात्मक प्रकरणी सूट मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सीहोर नगरपालिकेच्या प्रकरणात म्हटले आहे. पण तिची कारणे अर्जदारानेच दाखवायची असतात. ठरवून दिलेल्या तारखेस तारण देणे जमणार नसेल, तर ती उलटण्यापूर्वीच कलम 148 खाली मुदतवाढ मागावी, कारण अट मोडल्यास स्थगिती आपोआप संपेल असे आदेशातच अनेकदा लिहिलेले असते.