जुन्या-नव्या रॅमची जोडणी

असेंबल केलेल्या संगणकात आधीची रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी) तशीच ठेवून मदरबोर्डावरच्या रिकाम्या स्लॉटमध्ये वेगळ्या कंपनीची, वेगळ्या वेगाची किंवा वेगळ्या क्षमतेची नवी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बसवण्याची पद्धत. सांगली-मिरज-विश्रामबाग पट्ट्यात हे सर्रास केले जाते. वालचंद कॉलेजच्या विद्यार्थ्याचा पीसी असो, मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानातला हिशेबाचा असो, की लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओतला. मशीन हँग होऊ लागले की चालू रॅम काढून नवी जोडी घेण्यापेक्षा तिच्या शेजारी आणखी एक टाकणे खिशाला परवडते. बहुतेक वेळा ते चालतेही. पण डिस्प्ले आला म्हणजे जोडणी जमली असे नाही.

पहिली अट पिढीची. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांत मिसळत नाहीत. डीडीआर३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट; डीडीआर५ च्याही पिना २८८ च, पण व्होल्टेज १.१ आणि खाच वेगळ्या जागी. चुकीची स्टिक सरळ बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नये, स्लॉट फुटतो.

पिढी एकच असेल तर वेगाचा फरक बोर्ड स्वतः मिटवतो. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते. तीत त्या स्टिकचे वेग आणि टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) लिहिलेले असतात. मशीन सुरू होताना बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम, सगळ्या स्टिकच्या नोंदी वाचतो आणि सर्वांना झेपेल असा वेग धरतो. समजा जुन्या स्टिकच्या लेबलवर ‘८जीबी २आरएक्स८ पीसी४-२४००टी’ आहे, म्हणजे वेग २४००, आणि नवी ३२०० ची आहे. दोन्ही २४०० ने चालतील. यात फार गमावल्यासारखे वाटते, पण आपल्याकडच्या अनेक घरांत अजून इंटेलच्या एच११० किंवा एच३१० चिपसेटचे बोर्ड आहेत. त्यांत एच११० वर २४०० च्या आणि एच३१० वर २६६६ च्या पुढे रॅम जातच नाही, मग नवी कितीही वेगवान घ्या. अशा मशीनसाठी महागडी ३६०० ची स्टिक घेणे म्हणजे पैसे वाया.

त्याच लेबलवरचा ‘२आरएक्स८’ हा भाग मात्र दुकानात कोणी वाचत नाही, आणि वाचायला हवा. २आर म्हणजे चिपांच्या दोन रँक (एकत्र काम करणारे गट), एक्स८ म्हणजे प्रत्येक चिपची रुंदी ८ बिट. जुन्या ८ जीबी स्टिक बऱ्याचदा दोन रँकच्या असतात, नव्या एका रँकच्या. डीडीआर४ मध्ये हा फरक सहसा निभावतो. डीडीआर३ मध्ये मात्र ‘फक्त एएमडी (प्रोसेसर) साठी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबी स्टिक एक्स४ चिपांच्या असतात. इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीच्या वेगळ्या बनावटीची) रॅमही घरगुती बोर्डाला चालत नाही.

दोन स्टिक असल्या की दोन चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले दोन मार्ग, मिळून काम करतात. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या साधारणपणे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. बोर्डाचे पुस्तक पाहून खात्री करावी. ८ आणि ४ जीबी अशी विषम जोडी असली तरी ४ अधिक ४ जीबी दुहेरी चॅनेलवर चालते, उरलेले ४ एकेरीवर. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा फायदा ठळक जाणवतो, कारण तिथे चित्रही याच रॅममधून निघते. म्हणूनच एकट्या वेगवान स्टिकपेक्षा दोन हळू स्टिक अशा मशीनमध्ये सरस ठरतात.

खरी अडचण येते ती एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारे बायोसमधले तयार प्रोफाइल, चालू असताना. ते एका किटसाठी (एकत्र विकलेल्या स्टिकच्या संचासाठी) तपासलेले असते, पुष्कळदा १.३५ व्होल्टचे. शेजारच्या जुन्या स्टिकला ते झेपेलच असे नाही. डिस्प्ले गेला तर मशीनची वीज काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल थोडा वेळ काढावा, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर येतो. नवी स्टिक लावण्याआधीच एक्सएमपी बंद करणे उत्तम.

त्यानंतरची चाचणी टाळू नये. सदोष रॅम दरवेळी निळा पडदा दाखवत नाही. कधी ती मुकाट्याने एखादा बिट उलटवते आणि चुकीचा आकडा फाइलमध्ये जतन होतो. गेम अडखळला तर चालेल, पण अडतीच्या खात्यात किंवा एकदाच काढलेल्या फोटोंत असे होऊन चालणार नाही. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा. एकही एरर खपवून घेऊ नये. एरर आली तर प्रत्येक स्टिक त्याच स्लॉटमध्ये एकटी लावून तपासावी: एकटी असताना दोन्ही चोख आणि एकत्र असताना एरर, तर दोष जुळण्याचा आहे आणि वेग एक पायरी उतरवला की तो बहुधा जातो.

पावसाळी दमटपणात सोनेरी पिनांवर थर बसतो. कारागीर तो खोडरबराने पुसतात. हलक्या हाताने ठीक, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला की नवीच डोकेदुखी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरे. २०१९ किंवा २०२१ च्या कृष्णेच्या पुरात बुडालेल्या मशीनमधली स्टिक कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. चिपांखालच्या जोडांत गाळ राहिला असेल तर आज चालणारी स्टिक नंतर गंजून दगा देते.

डीडीआर५ मध्ये सरमिसळ अधिक नाजूक असते. चार स्टिक लावल्या की वेग बराच उतरतो, आणि नवी स्टिक लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड काही मिनिटे काळा पडदा ठेवून रॅमची जुळवणी करत बसतो. मशीन बिघडले समजून तेव्हा बटण दाबून बंद करू नये. मध्येच वीज गेली तर ही जुळवणी पुन्हा पहिल्यापासून होते, तेव्हा तेवढा वेळ मशीन यूपीएसवर असावे.