तरंगणारे कण एकमेकांकडे का सरकतात?

वाटीभर पाण्यावर राजगिऱ्याच्या चार-पाच लाह्या लांब लांब टाका आणि हात न लावता बघत राहा. दोन लाह्या हळूहळू जवळ येतात, शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत झटकन वेग घेतात आणि चिकटतात. एकटी उरलेली लाही वाटीच्या कडेला जाऊन बिलगते. इथे चुंबक नाही, विद्युतभाराचाही संबंध नाही. ही करामत पाण्याच्या पृष्ठभागाची आहे.

ओल्या लाहीभोवती पाणी किंचित वर चढतं. लाही पाण्यापेक्षा हलकी, तेव्हा तिची धाव वरच्या दिशेला. जवळ दुसऱ्या लाहीचा उंचवटा असला की ती त्याच्याकडे सरकते. वाटीच्या कडेलाही पाणी असंच वर चढलेलं असतं. पृष्ठताणावर, म्हणजे पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागाच्या जोरावर, तरंगणारी टाचणी मात्र जड असते आणि पाण्यात खळगा पाडते. दोन टाचण्या एकमेकींच्या खळग्यात घसरतात, पण टाचणी आणि लाही एकमेकींना दूर लोटतात. पाण्यावर या चढ-उताराचा पल्ला साधारण 2.7 मिलिमीटर असतो, म्हणून वेग अगदी शेवटी येतो. अमेरिकेत नाश्त्याला दुधात टाकतात त्या चिअरिओजच्या कड्याही अशाच जमतात, त्यावरून याला 'चिअरिओज परिणाम' म्हणतात. डॉमिनिक वेला आणि एल. महादेवन यांनी 2005 मध्ये त्याचं सुटसुटीत गणित मांडलं.

खरी गंमत पुढे आहे. कणाची त्रिज्या निम्मी केली की वजनातून येणारी ही आकर्षणाची ऊर्जा 64 पटींनी घटते. त्रिज्या पाच-दहा मायक्रॉनांच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली गेली की ती रेणूंच्या धक्काबुक्कीपुढे टिकत नाही. तरीही सूक्ष्म कण पाण्यावर एकमेकांना ओढतात, कारण तिथे वजनाची जागा आकार घेतो. गुळगुळीत गोलाभोवती पाणी सपाट राहू शकतं. लांबट कणाभोवती ते राहू शकत नाही. टोकांशी एकीकडे आणि कुशींशी दुसरीकडे असं ते वाकतं, आणि अशा दोन वाकणांची एकमेकांवरची ओढ फार जबरदस्त असते.

याचा सुंदर पुरावा कॉफीच्या डागात मिळाला. थेंब वाळला की डागाची कड गडद आणि मधला भाग फिका का राहतो, हे शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये उलगडलं होतं: थेंबाची कड जागची हलत नाही, तिथलं पाणी सर्वांत वेगाने उडून जातं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि कण सोबत नेतं. 2011 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीटर युंकर, अर्जुन योध आणि सहकाऱ्यांनी पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे सूक्ष्म गोल ताणून लांबट केले. पाणी तसंच बाहेर वाहत होतं, पण लांबट कण पृष्ठभागावर पोचताच एकमेकांत अडकून तिथेच सैलसर जाळं विणत होते. कडेचं कडं नाहीसं झालं, डाग एकसारखा पडला. शाईने छपाई करणाऱ्यांना आणि पातळ लेप चढवणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं.

मला यातली सर्वांत पटणारी गोष्ट त्यांची उलटतपासणी वाटते. त्यांनी त्याच थेंबात साबणासारखं द्रव्य घालून पृष्ठताण कमी केला. कण लांबटच होते, पण त्यांची ओढ ढिली पडली आणि कडेचं गडद कडं परत उमटलं.