हौशी रेडिओ : घरी बांधलेले आणि विकत घेतलेले संच (मराठवाडा)

परवाना घेऊन, छंद म्हणून वायरलेसवर दुसऱ्या हौशींशी बोलणे म्हणजे हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ; तो करणाराही हॅमच. त्यात प्रक्षेपक (ट्रान्समीटर) आणि ग्राही (रिसीव्हर) सुटे भाग जोडून स्वतः बांधावा की कारखान्यातून आलेला संच विकत घ्यावा, हा वाद या छंदाइतकाच जुना आहे. भारतात हॅम रेडिओचा परवाना केंद्रीय दळणवळण मंत्रालयाचा वायरलेस नियोजन व समन्वय विभाग परीक्षा घेऊन देतो. त्यासाठी वय किमान १२ वर्षे लागते. परवान्याचे ‘रिस्ट्रिक्टेड’ आणि ‘जनरल’ असे दोन वर्ग असून जनरलसाठी मोर्स संकेतांचीही परीक्षा द्यावी लागते. भारतीय हॅमचे कॉलसाइन, म्हणजे हवेवरचे ओळखनाव, बहुधा ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने सुरू होते. पोलिसांच्या किंवा टॅक्सीच्या वायरलेसवर बोलणाऱ्याला संच उघडता येत नाही. हॅमला मात्र तो मुळापासून बांधता येतो, बदलता येतो आणि तपासून त्यावरून बोलता येते.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हा वाद वरवर पैशाचा दिसतो, पण अडते ते दुरुस्तीपाशी. परदेशी बनावटीचा संच बिघडला तर तो खोक्यात घालून एखाद्या महानगरात पाठवावा लागतो आणि महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. घरी बांधलेला संच जास्त वेळा बिघडतो, हे खरेच. पण तो ज्या टेबलावर बिघडतो त्याच टेबलावर सुधारतो.

एके काळी निवडीला वावच नव्हता. देशात तयार संच फारसे बनत नव्हते आणि आयात महाग होती. दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेली लष्करी यंत्रे आणि ८०७ सारखे व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओच्या काचेच्या नळ्या, यांवर जुन्या पिढीने आपले प्रक्षेपक उभे केले. १९८४ साली राजीव गांधी पंतप्रधान झाले. ते स्वतः परवानाधारक हॅम होते आणि त्यांचे कॉलसाइन व्हीयू२आरजी होते. त्याच सुमारास वायरलेस सामग्रीवरचे आयात शुल्क माफ झाले आणि जपानी संच भारतीय हॅमच्या आवाक्यात येऊ लागले. तेव्हापासून घरी बांधणे ही सक्ती राहिली नाही, आवड झाली.

त्या आवडीला नवे बळ मिळाले ते मराठवाड्याच्या शेजारून. हैदराबादचे अशहर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी ‘बिटएक्स’ या ट्रान्सीव्हरची, म्हणजे प्रक्षेपक आणि ग्राही एकत्र असलेल्या संचाची, रचना केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. २० मीटर पट्ट्यावर (१४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतांवर) एकपार्श्वपट्टी या आवाज पाठवण्याच्या पद्धतीने, म्हणजे एसएसबीवर, सुमारे ६ वॅट शक्तीने बोलणारा हा संच. त्याचे प्रवर्धक (अँप्लिफायर) दोन्ही दिशांनी चालतात, त्यामुळे ऐकताना आणि बोलताना तेच टप्पे वापरले जातात आणि भाग कमी लागतात. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१० हा मुळात वीजपुरवठ्याच्या सर्किटांसाठी बनलेला, स्वस्त मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आहे. वारंवारता ठरवणाऱ्या आंदोलकाची (ऑसिलेटरची) कॉइल नळाच्या नायलॉन वायसरवर गुंडाळायची आणि ट्रान्सफॉर्मरसाठी टीव्हीच्या बालूनचे, म्हणजे अँटेना आणि केबल जुळवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे, गाभे घ्यायचे, असे त्यात सांगितलेले होते. विकसनशील देशात बसून विकसनशील देशातल्याच बाजाराचा विचार करून आखलेली अशी रचना विरळाच. पुढे आलेल्या ‘बिटएक्स४०’ आणि ‘मायक्रोबिटएक्स’मध्ये बोर्ड जोडूनच मिळू लागला. खोका, नॉब, स्पीकर आणि अँटेना एवढे आपण बघायचे. असे किट बांधलेले म्हणावे की विकत घेतलेले, यावर हॅम मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. बोर्डावरचा कोणता भाग काय करतो हे सर्किट-नकाशा पाहून ज्याला सांगता येते, त्याने तो बांधला असे मानायला हरकत नसावी.

सुट्या भागांच्या बाबतीतही मराठवाड्याची वाट हैदराबादकडे जाते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडमार्गे काचीगुड्याला जाणारा लोहमार्गही निजामकालीनच. काचीगुडा स्थानकापासून कोठी जवळ आहे आणि तिथल्या गुजराती गल्लीत रेझिस्टरपासून हीटसिंकपर्यंत सगळे मिळते. परभणी-नांदेडच्या माणसाला पुण्याच्या बुधवार पेठेपेक्षा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा हे सोयीचे पडते. आता बहुतेक भाग कुरिअरने घरी येतात. त्यात एकच अडचण, स्वस्तात आलेला आयआरएफ५१० खरा आहे की वरचा छाप पुसून दुसरा मारलेला, हे तो जळाल्यावर कळते.

तांब्याच्या तारेसाठी मात्र कोठीलाही जावे लागत नाही. शेतीच्या मोटारी जळत असल्याने मोटार रिवाइंडिंगची दुकाने तालुक्याच्या प्रत्येक गावी असतात. इनॅमलची तार तिथे गेज सांगितले की वजनावर मिळते. ट्रान्सफॉर्मर, फिल्टर, बालून यांच्या सगळ्या कॉइली तिच्यावर होतात. पाणबुडी मोटारीसाठी वापरली जाणारी, प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली तार तर अँटेनासाठी उत्तमच, कारण ती पाण्यात राहण्यासाठीच बनलेली असते. ४० मीटर पट्ट्यावर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, अर्धतरंग डायपोलला (मधोमध केबल जोडलेल्या, अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या अँटेनाला) सुमारे २० मीटर तार लागते. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की मीटरमध्ये लांबी मिळते. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वेष्टनामुळे लांबी दोन-तीन टक्के कमी धरावी लागते. शिवाय वाइंडिंगची तार मऊ असते. ताण दिला की ती लांबते आणि अनुनादाची वारंवारता खाली घसरते, म्हणून कापण्याआधी झाडाला बांधून ती चांगली ओढून घेतात. संच आणि अँटेना जोडणारी खुली दोनतारी फीडर-लाइन करायची असेल तर ठिबकच्या नळीचे तुकडे मध्ये बसवतात. त्या नळीत काजळी मिसळलेली असल्याने ती उन्हाने लवकर तडकत नाही.

असा डायपोल कडुलिंबाच्या दोन झाडांमध्ये आठ-दहा मीटर उंचीवर टांगला की त्याची बरीच शक्ती आकाशाकडे जाते आणि आयनांबरावरून (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. दिवसा ४० मीटरवर लातूरहून हैदराबाद, पुणे, मुंबई बोलायला हेच हवे असते. त्यामुळे संच विकत घेतलेला असो की बांधलेला, अँटेना विकत घेणे मराठवाड्यात फारसे शहाणपणाचे नाही.

घरच्या संचाची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीपार गेला की कॉइल आणि कपॅसिटरवर चालणारा आंदोलक सरकू लागतो. एसएसबीत वारंवारता शंभर-दोनशे हर्ट्झने हलली तरी समोरच्याला बदकाचा आवाज ऐकू येतो. तापमानाने न बदलणारे कपॅसिटर वापरणे, आंदोलक बंद डबीत ठेवणे, संच अर्धा तास आधी चालू करणे हे जुने उपाय. आता एसआय५३५१ ही वारंवारता निर्माण करणारी चिप आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर लावला की हा प्रश्न जवळजवळ मिटतो. जुन्या जाणत्यांना ती पळवाट वाटते, पण मे महिन्यात त्यांचाही आग्रह सैल पडतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण तिचा त्रास इतरांना होतो. ७ मेगाहर्ट्झचा प्रक्षेपक आपल्या मूळ वारंवारतेबरोबर १४ आणि २१ मेगाहर्ट्झवरही थोडे थोडे बोलत असतो. शेवटच्या टप्प्यानंतर लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारी जोडणी) नसेल तर हा कचरा थेट अँटेनातून बाहेर पडतो. पूर्वी तो मोजायला महागडी यंत्रे लागत. हल्ली हातात मावणाऱ्या नॅनोव्हीएनए या मापन-उपकरणावर फिल्टर आणि अँटेना दोन्ही पारखता येतात. नव्या माणसाने तयार संचाआधी हे उपकरण आणि एक डमी लोड (चाचणीत अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) घ्यावा.

विजेचा हिशेब घरच्या संचाच्या बाजूने झुकतो. १०० वॅटचा तयार संच १३.८ व्होल्टवर चालतो आणि बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो. भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तो लावला, की भाराखाली व्होल्टेज इतके उतरते की संच आवाज फाडू लागतो किंवा बंदच पडतो. पाच-सहा वॅटच्या घरगुती संचाला दीड-दोन अँपिअर पुरतात. गंमत अशी की ऐकायला सगळ्यात चांगली वेळ भारनियमनाचीच. वीजपुरवठ्याचा फीडर बंद झाला की आळीतले एलईडी दिवे आणि चार्जरही बंद होतात आणि पट्ट्यावरची खरखर एकदम ओसरते. एरवी काळी माती विजेची चांगली वाहक, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की अर्थिंगचा गज मातीपासून सुटतो. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावे लागते. वळवाचे ढग दिसताच अँटेनाची केबल संचातून काढून घराबाहेर ठेवावी, संच कोणताही असो.

तयार संचाचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. २०१६ साली आलेल्या आयकॉम आयसी-७३०० सारखा संच अँटेनावरचा संकेत थेट अंकांत बदलतो, पडद्यावर अख्खा पट्टा दाखवतो आणि दुबळा संकेत गर्दीतून वेगळा काढतो. घरच्या टेबलावर हे जमणे अवघड. किंमत मात्र लाखाच्या पुढे जाते, आणि आतले भाग इतके बारीक असतात की सोल्डरिंग गन घेऊन बसणाऱ्या टीव्ही मेकॅनिकचाही इलाज चालत नाही.

आणीबाणीत पक्का भरवसा लागतो आणि तिथे तयार संच पुढे असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. त्या वेळी संपर्कासाठी हॅम पुढे आले होते. अशा ठिकाणी आंदोलक का सरकतो हे शोधत बसायला वेळ नसतो. पण पडलेल्या गावात अँटेना उभी करणे, मिळेल त्या बॅटरीवर संच चालवणे, तुटलेला कनेक्टर दिव्याच्या उजेडात जोडणे, हे सगळे घरी बांधणाऱ्यालाच चटकन सुचते.

हातात धरायचे छोटे चिनी संच हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा मार्ग आहे. ते १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यावर चालतात, पण त्याबाहेरही चालतात, आणि परवाना नसलेल्याच्या हाती पडले की तो गुन्हा ठरतो. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारपेठांना अशा वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबद्दल नोटिसा काढल्या. बालाघाटाच्या डोंगररांगा मध्ये आल्या की त्यांचा पल्लाही फार उरत नाही. मूळची आखूड अँटेना काढून घरी केलेली पाव तरंगलांबीची, म्हणजे सुमारे अर्धा मीटरची, तार घराच्या धाब्यावर उभी केली की त्याच संचावर पलीकडच्या तालुक्यातला हॅम ऐकू येऊ लागतो.