क्विल्टची किनार : मापन व जोडणी

ठिगळे जोडून केलेल्या क्विल्टच्या, म्हणजे थर एकत्र शिवलेल्या पांघरुणाच्या, वरच्या थराला चारही बाजूंनी ज्या पट्ट्या लावतात, ती तिची किनार. अस्तर लागल्यावर कडेने फिरवला जाणारा अरुंद गोट वेगळा.

किनारीची सगळी भिस्त मापावर असते आणि ते माप कडेचे घ्यायचे नसते. कडेला शिवणींची टोके उघडी असतात, काही तुकडे तिरपे कापलेले असतात; हाताळताना आणि इस्त्री करताना कड ताणली जाते व मधल्या मापापेक्षा अर्धा इंचही जास्त भरते. नवशिके लांब पट्टी कडेवर ठेवून थेट टीप मारतात आणि उरलेले कापड शेवटी छाटतात. मग क्विल्ट पसरली की मध्य सपाट आणि कडांना लाटा! हा झोल इस्त्रीने जात नाही.

समजा, थर मधोमध ६०.५ × ७२.५ इंच भरला आणि किनार ४ इंच दिसायला हवी. शिवणीसाठी दोन्हीकडची पाव-पाव इंच माया धरून पट्टी ४.५ इंच रुंद कापायची. उभ्या बाजूंच्या दोन्ही पट्ट्या ७२.५ इंचांच्या, एकदमच कापाव्यात. पट्टी आणि कड दोन्हींवर मध्याच्या व चतुर्थांशाच्या खुणा करून खुणेला खूण टाचतात. कडेचे जास्तीचे कापड टाचण्यांमध्ये वाटले जाते. सैल थर खाली ठेवला, की मशीनचे दाते तो चुण्या न पाडता ओढून घेतात. इस्त्री करून रुंदी पुन्हा मधोमध मोजतात. हिशेबाने ती ६८.५ इंच येते, पण शिवण दोराभर सरकलेली असू शकते. वरखालच्या पट्ट्या टेप सांगेल त्याच मापाच्या कापाव्यात.

ताण्याच्या, म्हणजे कापडाच्या लांबीतल्या धाग्यांच्या, दिशेने कापलेली पट्टी कमी ताणते. सुती कापडाचा पन्हा बहुधा ४२ ते ४४ इंच असल्याने पन्ह्याच्या दिशेने आडव्या कापलेल्या पट्ट्यांना मात्र जोड द्यावा लागतो. तो तिरपा दिला तर कमी दिसतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर भागातल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या क्विल्टांत रुंद किनारींच्या कोपऱ्यांवर बऱ्याचदा वेगळ्या रंगाचे चौकोन दिसतात. अशा वेळी लांबी-रुंदी दोन्ही आधीच मोजून ठेवावी लागते.

जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवलेल्या आपल्याकडच्या गोधडीत ही मोजमापे फारशी लागत नाहीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, तर काम कडेलाच सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्याकडे सरकते. कोपऱ्यांवर घड्या घातलेली कापडी फुले मात्र हवीतच.