हे पत्र कोणत्या टेबलावर?

तहसील कचेरीत अर्ज द्यायला गेलात की पहिलं टेबल बारनिशीचं. तिथला लिपिक अर्जावर आवक शिक्का मारतो, वहीत क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कोणाकडे असे रकाने भरतो आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहितो: पुरवठा. किंवा जमीन. किंवा निवडणूक. अर्ज त्याने वाचलेला नसतो. वरचं नाव, ‘विषय’ ही ओळ आणि ‘संदर्भ’ एवढ्यावरून त्याने टेबल ठरवलेलं असतं, आणि ते क्वचितच चुकतं.

आउटलुकमध्ये किंवा जीमेलमध्ये मेलचा नियम तयार करायला बसलं की समोर जवळपास हेच प्रश्न येतात: कोणाकडून आला, विषयात कोणता शब्द आहे, मजकुरात कोणता. ज्याला प्रोग्रॅमिंगचं अक्षर येत नाही त्याने ऑफिसचा मेल आपोआप वाटावा, ही सोय दहा-पंधरा वर्षांतली वाटते. पण कागद वाटणं हे काम जुनंच आहे. अवघड होतं ते वेगळंच. कोणता कागद कुठे जातो हे ज्याला माहीत असतं, नियम त्यालाच लिहिता यायला हवा. बारनिशीच्या टेबलावर तो त्यालाच लिहिता येत होता. संगणक आला तशी ती मुभा गेली, आणि मग तुकड्या-तुकड्याने परत आली. त्या परत येण्याचीच ही हकीकत.

आधी कागदाचं आणखी थोडं. टेबलावर गेलेल्या कागदांसाठी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ‘सहा गठ्ठे’ पद्धत आहे: कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. मेलच्या फोल्डरांना यापेक्षा बरी नावं मला आजवर सुचलेली नाहीत. त्यातही ‘प्रतीक्षाधीन’ हा गठ्ठा फार शहाणा. आपण पत्र पाठवलं आहे, उत्तर समोरून यायचं आहे. असा फोल्डर बहुतेकांच्या मेलमध्ये नसतो, आणि विसरले जातात ते नेमके हेच मेल.

टपाल खात्याचा प्रश्न याहून मोठा होता. रेल्वेच्या डब्यात टपाल वाटायची सुरुवात आपल्याकडे १८६३ मध्ये अलाहाबाद-कानपूर मार्गावर झाली. पुढे आर.एम.एस., म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या डब्यात सॉर्टर खणांच्या भिंतीसमोर उभा राहून, गाडीच्या हेलकाव्यात, पत्रं खणात टाकत असे. कोणतं गाव कोणत्या लाइनवर, हे पाठ. पण वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रातच किती! त्यात पत्ता कधी मराठीत, कधी तमिळमध्ये, कधी उर्दूत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला तो या गोंधळावर. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतमधले कवी-नाटककार, अशी दोन्ही ओळख असलेला हा माणूस. पहिला आकडा विभागाचा (आपल्याकडे आणि गोव्यात ४), पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. ४०० म्हटलं की मुंबई, ४११ म्हटलं की पुणे, ४०३ म्हटलं की गोवा.

पिनकोडमधली खरी युक्ती आकड्यांत नाही. वाटणीचं अर्धं काम त्याने पाठवणाऱ्याच्या गळ्यात घातलं. सॉर्टरने गाव ओळखायचं नाही, पाठवणाऱ्याने खूण लिहून द्यायची. मेलच्या जगात ही युक्ती पुन्हा भेटते.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर मेल पाठवला आणि पत्त्यात @ ही खूण बसवली. त्यानंतर जेमतेम अकरा वर्षांत, मार्च १९८२ मध्ये, पीटर डेनिंग ‘इलेक्ट्रॉनिक कचरा’ या विषयावर लिहीत होते. ते तेव्हा ए.सी.एम. या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष. संदेश पाठवण्याची साधनं सगळे बनवतात, पण घेणाऱ्याने ते आवरायचे कसे याची काळजी कोणी करत नाही, असा त्यांचा सूर होता.

ती काळजी पहिल्यांदा नीट केली ती अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये टॉमस मॅलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८६-८७ च्या सुमाराचा त्यांचा ‘इन्फर्मेशन लेन्स’ हा प्रयोग आज फारसा कोणाला आठवत नाही, पण आपण वापरतो ती बरीचशी कल्पना तिथलीच आहे. नियम लिहायचा नाही, फॉर्म भरायचा. मेलच्या नमुन्यासारखाच कोरा नमुना पडद्यावर येई. ‘कोणाकडून’समोर नाव घाला, ‘विषय’समोर शब्द घाला, आणि असा मेल आला तर काय करायचं ते निवडा. मेल ‘कोणीही’ या पत्त्यावरही पाठवता येत असे. मग ज्याच्या नियमात तो बसेल त्याच्याकडे तो जाई. म्हणजे वाटणारा मधे नाहीच, ज्याला हवं त्याने उचलायचं.

या प्रयोगाचा अभ्यास वेंडी मॅके आणि इतरांनी १९८९ मध्ये मांडला. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांनाही नियम जमतात, हे त्यात दिसलं. त्याहून मजेची गोष्ट अशी, की माणसं दोन जातीची निघाली. काही जण मेल वाचण्याआधी वाटून घेत, म्हणजे आधी काय वाचायचं ते ठरे. काही जण सगळं वाचून मग नियम चालवत, गठ्ठे बांधून ठेवण्यासाठी. तुमच्या ऑफिसातही या दोन्ही जाती सापडतील, आणि एकीने केलेली रचना दुसरीला अडगळ वाटत असेल.

एम.आय.टी.तली फॉर्मची कल्पना मात्र लगेच बाहेर पडली नाही. नव्वदच्या दशकात विद्यापीठांत आणि कंपन्यांत चलती होती ती स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांच्या प्रॉकमेलची. १९९० च्या सुमारास आलेला, मेल वाटणारा हा प्रोग्रॅम ताकदवान आणि तिरसट. त्यातल्या नियमाच्या पहिल्या ओळीत कोलन, शून्य, कोलन. दुसऱ्या ओळीत तारांकन आणि अट. तिसऱ्या ओळीत फोल्डरचं नाव. त्यातला दुसरा कोलन म्हणजे कुलूप. तो लिहायचा राहिला आणि एकाच क्षणी दोन मेल आले, तर दोन्ही एकमेकांत मिसळून फाइल बिघडायची. एका टिंबाच्या जोडीवर टपाल टांगलेलं! साहजिकच नियम लिहायचा तर ‘सिस्टिमवाल्या’कडे जावं लागे. बिलं कोणाकडे जातात हे लेखा विभागाला ठाऊक, लिहिणारा बसायचा सर्व्हर रूममध्ये.

जानेवारी २००१ मध्ये प्रमाणित झालेली ‘सीव्ह’ ही मेलचे नियम लिहायची भाषा याच्या अगदी उलट टोकाची. सीव्ह म्हणजे चाळण. तिच्यात मुद्दाम फेरे (तीच पायरी पुन्हा-पुन्हा चालवणं) ठेवले नाहीत आणि मूळ आराखड्यात व्हेरिएबलही (मधली किंमत लक्षात ठेवायची जागा) नाहीत. कोणी काहीही लिहिलं तरी सर्व्हर अडकून पडणार नाही, आणि पडद्यावरचा साधा फॉर्म भरून आतल्या आत सीव्हचे नियम तयार करता येतील, हा हेतू. मला तिच्यातला एक नियम सगळ्यात मोलाचा वाटतो: कोणतीच अट लागू झाली नाही, तर मेल इनबॉक्समध्ये राहू दे. हे लिहावं लागत नाही, गृहीतच असतं. म्हणजे बारनिशीवाल्याला टेबल समजलं नाही तर तो अर्ज फाडत नाही, साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवतो.

बहुतेक ऑफिसांत नियम आले ते आउटलुकमधून. चौकटींवर टिचक्या मारत नियम बनवायची सोय, पण तिला दोन खोडी होत्या. काही नियम सर्व्हरवर चालत, काही फक्त आपल्या संगणकावर. म्हणजे संध्याकाळी मशीन बंद करून घरी गेलात की वाटणीही घरी. दुसरी खोडी जागेची: आउटलुकमागच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरवर एका माणसाच्या सगळ्या नियमांना मिळून बराच काळ ३२ किलोबाइटच जागा होती. २००७ च्या आवृत्तीत ती ६४ झाली. जागा पुरेना तेव्हा नियमांची नावं छोटी करून लोक आणखी एखादा नियम कोंबत.

माझा पहिला नियम मला अजून आठवतो. एका ऑफिसात सामाईक मेलबॉक्स माझ्याकडे होता. विषयात ‘पीओ’ असेल तर मेल खरेदीच्या फोल्डरमध्ये, कारण पीओ म्हणजे परचेस ऑर्डर. नियम सुरू केला आणि दोन दिवस फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी कळलं की त्या प्रोग्रॅमला शब्द कळत नव्हता, इंग्रजीतली दोन अक्षरं शेजारी-शेजारी आली की पुरे. रिपोर्ट, सपोर्ट, एअरपोर्ट, सगळे खरेदीत. मीटिंग पोस्टपोन झाल्याचा मेलही तिथेच, आणि साहेब पहाटे निघून नाशिकला पोहोचलेले.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं आणि फोल्डरऐवजी लेबल आलं. कागदाचा एक गुण इथे सुटला: कागद एकाच गठ्ठ्यात राहू शकतो, मेलला मात्र ‘खरेदी’ आणि ‘प्रतीक्षाधीन’ दोन्ही चिकटू शकतात. हे वाटतं त्यापेक्षा मोठं आहे, कारण ऑफिसातली निम्मी भांडणं कागद कोणत्या गठ्ठ्यातला यावरच असतात.

ग्राहकांच्या तक्रारी सांभाळणाऱ्यांनी तोवर पिनकोडची युक्ती उचलली होती. प्रत्येक मेलला तिकीट क्रमांक, तो विषयाच्या ओळीत. उत्तर आलं की क्रमांक पाहून ते जुन्याच प्रकरणाला लागतं, ओळखाओळख करावी लागत नाही. १९९६ मधल्या रिक्वेस्ट ट्रॅकरपासून २००७ मधलं कोपनहेगनचं झेनडेस्क आणि २०१० मधलं चेन्नईचं फ्रेशडेस्क इथपर्यंत हा धागा आहे.

मेलबॉक्सची भिंत ओलांडली ती त्यानंतर, वेगवेगळ्या सेवा एकमेकींना जोडणाऱ्या साधनांनी. २०१० च्या अखेरीस इफ्ट (IFTTT), पुढच्या वर्षी मिसुरीत झेपियर, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लो. याचंच नाव २०१९ मध्ये पॉवर ऑटोमेट झालं. ‘असं झालं तर तसं कर’ ही जुनीच अट, पण ‘तसं’मध्ये आता पुष्कळ काही बसतं. बिल जोडलेला मेल आला की जोडपत्र ड्राइव्हवर, लेखा विभागाच्या टीम्सवर निरोप, मोठी रक्कम असेल तर मंजुरीसाठी साहेबांकडे. आउटलुकचा नियम मेल हलवायचा; हा मेलमधून काम हलवतो.

दुसरा एक प्रवाह शेजारून वाहत होता. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी स्पॅम ओळखण्यासाठी नियमांऐवजी उदाहरणांवरून शब्दांची शक्यता मोजायची रीत मांडली. मग २०१० मध्ये जीमेलचा प्रायॉरिटी इनबॉक्स, २०१३ मध्ये प्रमोशन्सचे टॅब. आता तर यंत्राला साध्या मराठीत सांगता येतं: थकबाकी विचारणारे मेल लेख्याकडे, तक्रारीचा सूर असेल तर सेवा विभागाकडे. ‘पीओ’सारखा घोळ यात होत नाही. पण माझा तो नियम चुकीचा होता, तरी वाचता येत होता. हा मेल सेवेकडे का गेला, हे इथे वाचायला काही नसतं.

शिवाय पॉवर ऑटोमेटमध्ये फ्लो, म्हणजे तिथला असा एक नियम, कधी चालला, कुठे अडला याची नोंद साधारण २८ दिवसच दिसते. ‘आमचं पत्र तुम्हाला पोहोचलंच नाही का?’ हा फोन हमखास दोन महिन्यांनी येतो. म्हणून आम्ही प्रत्येक फ्लोच्या शेवटी एक पायरी जोडली आहे: मेल जिथे जायचा तिथे गेला, की एक्सेलच्या शीटमध्ये एक ओळ पडते. क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कोणाकडे.