अर्थशास्त्राचं 'नोबेल' आणि बाकीची पाच

2019 साली अभिजित बॅनर्जींना पारितोषिक मिळालं तेव्हा आपल्याकडे आनंद जरा जास्तच झाला. जन्म मुंबईचा, आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर आणि नावात मधे 'विनायक'! पण लगेच कुणीतरी म्हणालंच, "अर्थशास्त्राचं ते खरं नोबेल नव्हेच." हे अर्धंच खरं आहे.

आल्फ्रेड नोबेल यांनी 27 नोव्हेंबर 1895 रोजी केलेल्या मृत्युपत्रात पाचच पारितोषिकं आहेत: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता. ती 1901 पासून दिली जातात. त्यात अर्थशास्त्र नाही. ते आलं 1968 मध्ये. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेला तीनशे वर्षं झाली, त्यानिमित्त तिने देणगी देऊन नोबेल यांच्या स्मरणार्थ हे पारितोषिक सुरू केलं. म्हणून ते 'स्मृती पारितोषिक'. पैसाही नोबेल यांच्या ठेवीतला नाही, बँकेचा.

फरक पदकावरही दिसतो. भौतिकशास्त्राच्या पदकाच्या मागच्या बाजूला निसर्गदेवतेच्या चेहऱ्यावरचा पदर सारणारी आकृती आहे आणि खाली विजेत्याचं नाव. अर्थशास्त्राच्या पदकावर बँकेचं नाव आणि 1968 हे साल. विजेत्याचं नाव असतं पदकाच्या कडेवर.

तरीही याला 'नकली' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. भौतिक आणि रसायनशास्त्राचे विजेते निवडणारी स्वीडिश विज्ञान अकादमीच याचेही विजेते निवडते. रक्कम तेवढीच. 10 डिसेंबरला स्टॉकहोममध्ये व्यासपीठही तेच. (शांततेचं मात्र ऑस्लोत देतात.)

आणि समाजाचा, माणसाच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांना त्या व्यासपीठावर न्यायला हाच एक दरवाजा आहे. मानसशास्त्राला, राज्यशास्त्राला, समाजशास्त्राला वेगळं नोबेल नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम राज्यशास्त्राच्या. गावकरी कुरणं, पाणी, मासेमारी आपसांत नियम ठरवून कशी सांभाळतात यावरच्या कामासाठी त्यांना 2009 मध्ये हे पारितोषिक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

डॅनियल काहनेमन तर मानसशास्त्रज्ञ. शंभर रुपये हरवल्याचं दुःख शंभर मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं का वाटतं, हे त्यांनी आमोस ट्वर्स्की यांच्या जोडीने उलगडलं. काहनेमन यांना पारितोषिक मिळालं 2002 मध्ये. ट्वर्स्की 1996 मध्येच गेले होते आणि मरणोत्तर निवड न करण्याचा नियम इथेही लागू आहे. काहनेमन मात्र ते दोघांचंच मानत राहिले.