शुगर ग्लायडरचे मागचे पाय लुळे का पडतात?

तळहातावर बसून फळाची फोड चाटणारा शुगर ग्लायडर व्हिडिओत पाहिला की वाटतं, हा फळांवर जगतो आणि पाळायलाही सोपा आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि पहिल्याची किंमत त्याची हाडं मोजतात.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलातला हा कांगारूसारखाच पिशवीवाला, पण जेमतेम 90 ते 150 ग्रॅमचा निशाचर प्राणी. खालच्या लांब दातांनी साल खरवडून तो नीलगिरीचा रस पितो, अकेशियाचा (बाभळीच्या जातीतल्या झाडांचा) डिंक खातो, मकरंद चाटतो आणि किडे-कोळी मटकावतो. डिंक सहज पचत नाही, तो मोठ्या अंधांत्रातले (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतले) जिवाणू आंबवतात. शिवाय डिंकात कॅल्शियमचे क्षार असतात, त्यामुळे किड्यांतली उणीव थोडीफार भरून निघते.

पिंजऱ्यात हा हिशेब बिघडतो. आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं, शक्यतो दुप्पट हवं. पाळीव प्राण्यांना खाऊ घालतात त्या मीलवर्म अळ्यांच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 17 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 285 मिलिग्रॅम फॉस्फरस असतं. सफरचंदात हेच आकडे 6 आणि 11, केळ्यात 5 आणि 22. पालकात प्रमाण दोनास एक दिसतं खरं, पण त्यातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते कॅल्शियम बांधून ठेवतं. पपई मात्र चालते: 20 आणि 10.

रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की गळ्यातल्या परावटू ग्रंथी संप्रेरक सोडतात. ते मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला आणि फॉस्फरस बाहेर टाकायला लावतं. तिथेच ड जीवनसत्त्व सक्रिय होतं आणि आतडं जास्त कॅल्शियम शोषू लागतं. पण आतड्यात कॅल्शियमच नसेल तर? मग उरतं हाड. संप्रेरकाचा निरोप आधी हाड बांधणाऱ्या पेशींना मिळतो, त्या अस्थिभंजक पेशींना जागं करतात आणि हाड विरघळू लागतं. म्हणूनच रक्ततपासणीत कॅल्शियम जवळपास ठीक दिसतं आणि एक्स-रेमध्ये हाडं विरळ! मागचे पाय थरथरतात, मग फरफटतात, साध्या उडीत हाड मोडतं. हे ‘अचानक’ दिसलं, तरी आधी बराच काळ हाडं झिजत आलेली असतात.

उपाय ताटलीतच आहे. लेडबीटर्स मिश्रण असं करतात: 150 मिलिलिटर कोमट पाण्यात 150 मिलिलिटर मध, कवच काढलेलं एक उकडलेलं अंडं, 25 ग्रॅम जास्त प्रथिनांचं बेबी सिरियल आणि एक चमचा जीवनसत्त्व-खनिज पूड घालून गुठळ्या मोडेपर्यंत फिरवायचं. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवायचं. रोजच्या खाण्यात साधारण निम्मं हे आणि निम्मं कीटकभक्षींसाठीचं तयार खाद्य द्यावं, तेही संध्याकाळी, प्राणी जागा झाल्यावर. फळ चवीपुरतंच. किडे देण्याआधी दोन दिवस त्यांनाच कॅल्शियमयुक्त खाद्य घालावं. वरून भुरभुरायची पूड फॉस्फरसविरहित हवी आणि ती लावल्या लावल्या किडे द्यावेत, कारण ती झटकन झडते. ‘गोळीखाद्य आणि सफरचंदाची फोड पुरते’ हा विक्रेत्यांचा दावा सोयीचा आहे, खरा नाही.

एकटा ठेवला की माणसाळतो, हेही तसंच. हा कळपातला प्राणी आहे. एकटेपणात तो केस उपटतो, शेपूट चावतो, स्वतःला जखमाही करतो. किमान दोन घ्यावेत. नर-मादी असतील तर नराची नसबंदी करून घ्यावी. पिल्लू पिशवीतून बाहेर येऊन आठ आठवडे तरी झालेले असावेत. आईबाप पाहावेत, वंशावळ आणि सध्याचा आहार लेखी मागावा. दुर्मीळ रंगांच्या हौसेपायी जवळच्या नात्यात पैदास होते आणि जंगलातून पकडलेले प्राणीही विकले जातात, म्हणून ‘कागद नाहीत’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नये. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी तो पाळणंच बेकायदेशीर आहे, तेव्हा कायदा आधी पाहावा. पिंजऱ्याच्या गजांत सव्वा सेंटिमीटरहून जास्त फट नको. आणि प्रौढ नराच्या डोक्यावर टक्कल दिसलं तर घाबरू नका, ती त्याची गंधग्रंथी असते.